एस्प्रेसोवरचा फेस

लग्नाआधी आपण एस्प्रेसो प्यायलो आहोत, असंच मला वाटत होतं. चंद्रपूरला मामेबहिणीच्या रिसेप्शनमध्ये मांडवाच्या कोपऱ्यात स्टीलचं उंच मशीन ठेवलेलं होतं. तिथला माणूस दुधाच्या मगात मशीनची नळी बुडवायचा, मशीन फुस्स करून ओरडायचं, दूध फुगून काठाशी यायचं, आणि मग तो त्यावर चॉकलेटची पावडर भुरभुरायचा. आम्ही बहिणी जेवण सोडून तिथंच उभ्या होतो. सगळे त्याला 'एक्स्प्रेसो' म्हणत होते. आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यातलं, धानाच्या बांध्यांमधलं. गावात कॉफी म्हणजे परीक्षेच्या दिवसांत जागायला म्हणून आणलेली एखादी पुडी. त्यामुळे त्या रात्री काहीतरी मोठं प्यायल्याचा आनंद मला बरेच दिवस पुरला.

लग्न होऊन मी गडचांदूरला आले. नवरा सिमेंटच्या कारखान्यात इलेक्ट्रिकलला ज्युनिअर इंजिनिअर होता. कॉलनीतली घरं एकसारखी, एकाच्या भिंतीला दुसरं लागून. अंगणातल्या जास्वंदीच्या पानांवर राखाडी थर असायचा. दुपारी खाणीत सुरुंग लागला की खिडकीच्या काचा थरथरायच्या. पहिल्या आठवड्यात मी भांडी सावरायला धावत असे, नंतर त्या आवाजाकडे लक्षही जाईना.

खरी अडचण बोलण्याची होती. कॉलनीत पुण्याच्या, नागपूरच्या, नाशिकच्या बायका होत्या. लेडीज क्लबच्या पहिल्या बैठकीत कुणीतरी मला विचारलं, घर लागलं का? मी म्हटलं, "हो, लावून राह्यली हळूहळू. मले मदतीले कोणी नाई नं." एका बाईनं ते 'मले' हळूच परत म्हणून पाहिलं, चव घेतल्यासारखं. दोघीतिघी हसल्या. वाईट हेतूनं नसेल, पण मी त्यानंतर महिनाभर क्लबात तोंड उघडलं नाही.

तोंड उघडलं ते तिच्यामुळे. ती आमच्या भिंतीपलीकडच्या घरात राहायची. माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठी, नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, नवरा प्रॉडक्शनमध्ये. एके दिवशी ती आमच्या दारात आली आणि म्हणाली, "तू बोलत का नाहीस गं? मी पण नागपूरचीच आहे. घरी आम्ही पण 'का'ला 'काऊन' म्हणतो. फक्त इथे म्हणत नाही." मला तिला मिठी मारावीशी वाटली. त्या दिवसापासून ती माझी ताई झाली. कुठल्या कार्यक्रमाला कुठली साडी, पाहुण्यांपुढे ट्रे कसा धरायचा, काटा कुठल्या हातात, सगळं तिनं शिकवलं. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं तेव्हा नवरा शटडाऊनच्या ड्युटीवर होता. तिनंच जीप मिळवली, चंद्रपूरच्या दवाखान्यात माझ्या उशाशी बसून राहिली आणि घरी आणल्यावर आठवडाभर मला मऊ भात भरवला. हे मी मुद्दाम सांगते आहे. ती माझ्याशी वाईट वागायची, असं कुणी समजू नये. तसं असतं तर पुढचं मला इतकं लागलंच नसतं.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. तिचे नणंदोई दुबईहून आले आणि तिच्यासाठी कॉफीचं मशीन घेऊन आले. काळं, प्लॅस्टिकचं, मिक्सरएवढं. वरच्या झाकणातून पाणी ओतायचं, झाकण घट्ट पिळायचं, दांड्याच्या जाळीत पावडर भरून तो दांडा खाली अडकवायचा आणि बटण दाबायचं. फार भारी मशीन नव्हतं, हे तिनंच सांगितलं. "तिकडे अशी मशीनं घरोघरी असतात," ती म्हणाली.

तिनं आम्हा सात-आठ जणींना बोलावलं. मशीन बैठकीत टेबलावर मांडलं होतं. आम्ही ते बघून घेतलं, मग तिनं ते उचलून आत नेलं. "वाफेचं आहे, मुलं धावतात इथे," म्हणाली. आत तिनं रेडिओ लावला आणि थोड्या वेळानं ट्रे घेऊन आली. भातुकलीतले वाटावेत एवढाले कप, तळाशी काळी कॉफी आणि वर मधाच्या रंगाचा दाट फेस. चमच्यानं उचलला तर चमच्यावर राहील असा.

मी म्हटलं, "मी प्याली आहे एक्स्प्रेसो. चंद्रपूरले, लग्नात."

सगळ्या हसल्या. ताईसुद्धा हसली, पण माझ्या पाठीवर हात ठेवून. "एक्स्प्रेसो नाही गं, एस्प्रेसो. ती लग्नातली नुसती दुधाची कॉफी. एस्प्रेसोत दूधच नसतं. पाणी दाबानं पावडरीतून गेलं पाहिजे. आणि हा फेस बघ. हीच ओळख. हा आला तर खरी, नाही आला तर नुसता काळा काढा."

कॉफी गोड होती आणि कडू होती, आणि तो फेस जिभेवर मलईसारखा बसला. मला ती फार आवडली. त्याहून जास्त आवडलं ते आम्हा सगळ्यांचं असं एका टेबलाभोवती बसणं आणि त्यात मी असणं. मग ते दर पंधरवड्याला होऊ लागलं. प्रत्येक वेळी मशीन आधी बाहेर दिसायचं, मग आत जायचं, आत रेडिओ लागायचा. मदतीला उठलं तर ती म्हणायची, "तू बस. मी आणते."

दिवाळीत नवऱ्यानं विचारलं, काय पाहिजे? मी म्हटलं, ताईसारखं मशीन. तो हसला, पण नागपूरला कामाला गेला तेव्हा सीताबर्डीतून अगदी तसंच घेऊन आला. कंपनी वेगळी, बाकी सगळं तेच. मी हळदीकुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवलं.

पहिल्या दिवशी कॉफी आली ती पातळ, काळी, जळक्या वासाची. वर फेस म्हणून जे होतं ते साबणाच्या पाण्यावर असतं तसं, पांढुरकं, बघता बघता फुटून गेलेलं. मी कप घेऊन तशीच ताईकडे गेले. तिनं वाकून बघितलं. "पावडर जाड आहे तुझी," म्हणाली.

नवऱ्यानं मशीनबरोबर आणलेल्या कॉफीच्या बिया मी मिक्सरमध्ये आणखी बारीक केल्या. आता पाणी खाली येईचना. मशीन नुसतं घुरघुरत राहिलं आणि दांड्याच्या कडेनं वाफ सुटली, मनगटावर भाजल्याचा डाग पडला. ताईनं बर्फ लावला आणि सांगितलं, "दाबून भरतेस ना? हलकं दाब." मी हलकं दाबलं. मग घट्ट दाबलं. लाटण्याच्या टोकानं दाबलं, वाटीच्या बुडानं दाबलं. कॉफी कधी कोमट, कधी कडूझार, पण फेस काही येईना. दुपारी सुरुंगाच्या सुमारास घरात कुणी नसायचं. मी रोज तेव्हा मशीन लावायची. पहिले चार थेंब खाली पडताना थोडासा पिवळट रंग दिसायचा आणि मला वाटायचं, आज आली. दुसऱ्या घोटाएवढी कॉफी पडेपर्यंत तो रंग निघून जायचा.

ताई रोज विचारायची, "आला का?" मी मान हलवायची. मग ती काहीतरी नवीन सुचवायची. कप आधी गरम कर. झाकण आणखी घट्ट पिळ. एकदा तिनं तिची पावडरसुद्धा दिली, छोट्या डबीत. त्यानंही झालं नाही. क्लबात एकदा तिनं सगळ्यांसमोर म्हटलं, "आमची ही बिचारी फेसासाठी तपश्चर्या करते आहे." मीही हसले. तोवर मला खात्री झाली होती की कमी माझ्यातच आहे. मला इथलं बोलणं जमायला वेळ लागला, काटा धरायला वेळ लागला, तसंच हेही.

मग ती म्हणाली, "पाणी असेल. इथलं पाणी फार जड आहे ना. चुना असतो त्यात."

हे मला पटलं. आमच्या भागात बादलीच्या कडेला पांढरं कीट चढायचं, कुकरच्या तळाला पांढरा थर बसायचा. मी मशीन उघडून पाहिलं तर आत तसाच थर. मी लिंबानं तो घासून काढला. ताई म्हणाली, "गोड्या पाण्यानं करून बघ एकदा."

मी गावी फोन केला तेव्हा बोलता बोलता बाबांना हे सांगितलं. फक्त बोलण्यातून बोलणं निघालं म्हणून. दोन दिवसांनी दुपारी दार वाजलं. बाहेर बाबा. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, खांद्यावर तांदळाचं पोतडं आणि हातात निळा प्लॅस्टिकचा कॅन, काठोकाठ भरलेला. राजुऱ्याला एस.टी. बदलून, फाट्यावर उतरून, उन्हात चालत आले होते. हातावर कॅनच्या कडीचा लाल वळ होता.

"हे काय आणलं बाबा?"

"तू म्हनली होती नं, पानी खराब आहे इथी. आपल्या वावरातल्या विहिरीचं आहे. भलतं गोड पानी."

मी हसू की रडू असं झालं. तेवढ्यात ताई आली, बाबांना बघून. बाबा तिला ओळखत होते. माझ्या आजारपणात तिनं काय केलं, हे त्यांना माहीत होतं, आणि ते तिच्याशी नेहमी जरा वाकूनच बोलत. तिनं त्यांना नमस्कार केला.

"बाई," बाबा म्हणाले, "आता पोरीची काफी होईन नं बरोबर?"

ताईनं कॅनकडे पाहिलं. मग बाबांकडे. ती म्हणाली, "होईल ना काका. आता नक्की होईल."

मला तो क्षण स्वच्छ आठवतो, कारण तिनं कॅन उचलून आत ठेवायला मला मदत केली होती. आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरला होता.

त्या पाण्यानं मी बाबांसाठी पहिली कॉफी केली. फेस आला नाही. बाबांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "औषधीच आहे ही तं. गूळ आहे का?" गूळ घालून त्यांनी ती संपवली. नंतरही दोनदा त्यांनी पाणी पाठवलं, एकदा ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर, एकदा स्वतः आले. मला नको म्हणवलं नाही. विहिरीचं पाणी मशीनमध्ये घालताना मला वाटायचं, आता तरी यावं. नाही आलं तर बाबांना काय सांगू?

त्याच हिवाळ्यात कारखान्यात नवीन यंत्र बसवायला एक इटलीचा म्हातारा इंजिनिअर आला. गेस्ट हाऊसमध्ये महिनाभर राहिला. अंडी आणि ब्रेड सोडून काही खायचा नाही, असं गेस्ट हाऊसमधून कळायचं. त्याचं काम संपत आलं तेव्हा मोठ्या साहेबांच्या मिसेसनी क्लबात संध्याकाळचा कार्यक्रम ठरवला. बैठकीत त्या ताईला म्हणाल्या, "त्यांच्या देशाची कॉफी आपल्या कॉलनीत होते हे त्यांना कळू दे. तुमची एस्प्रेसो पाहिजे हं."

ताईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "माझं मशीन बिघडलंय हो. पण हिचं आहे ना. ही करेल. आता हिचं गोडं पाणी पण आहे." आणि माझ्याकडे बघून हसली.

मी घाबरले. परत येताना मी तिला म्हटलं, "ताई, मले जमत नाई हे तुले माहीत आहे. तू कर माझ्या मशीनवर."

"अगं मी असेन ना बाजूला," ती म्हणाली. "इतके दिवस केलंस, एकदा सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे."

मला त्यात प्रेमच दिसलं. ताईनं मला पुढे केलं, असं मी नवऱ्याला अभिमानानं सांगितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी क्लबच्या व्हरांड्यात, पडद्याच्या आड, टेबलावर मशीन ठेवलं. मी आणि ताई, दोघीच तिथं. बाकी सगळे हिरवळीवर. मी दांडा भरला, बटण दाबलं. मशीन घुरघुरायला लागलं तसा तो म्हातारा आवाजाच्या मागानं आत आला. जाडसर, भुवया पांढऱ्या, शर्टावर ग्रीसचा डाग तसाच. मशीनकडे त्यानं असं पाहिलं, जसं बाबा दुसऱ्याच्या बैलाकडे पाहतात. मी कप त्याच्या हातात दिला. त्यानं साखर घातली, दोन घोटांत कॉफी संपवली आणि माझ्याकडे बघून हसला.

त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं होतं, म्हणूनच मला ते सगळं समजलं. साहेब लोकांचं भराभर इंग्रजी मला कळत नसे. हा एकेक शब्द शोधून बोलत होता. मशीनवर बोट आपटून तो म्हणाला, "धिस, स्टीम. ओन्ली स्टीम. एस्प्रेसो, नो." मग दोन्ही तळवे एकमेकांवर दाबून दाखवलं. "एस्प्रेसो, पंप. बिग प्रेशर. धिस मशीन, नेव्हर." रिकाम्या कपाच्या कडेवर, जिथं फेस असायला हवा होता तिथं, बोट फिरवून म्हणाला, "नो क्रेमा. ऑल लाइफ, नो क्रेमा." आणि मग माझ्याकडे हात करून, मान हलवत, अगदी हळू म्हणाला, "नॉट लेडी. लेडी गुड. मशीन."

बाहेरून त्याला कुणीतरी हाक मारली. तो गेला.

मी ताईकडे वळले. मला आधी आनंदच झाला होता. मी सुटले होते. माझ्या हातात काही वाईट नव्हतं. "ताई, ऐकलं का तू? तो म्हणते मशीनमध्येच..." आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं, कारण ताई माझ्याकडे बघत नव्हती. ती वापरलेली पावडर कागदात गुंडाळत होती. या मशीनमधून तो फेस जन्मात येणार नसेल, तर तिच्या मशीनमधून कसा आला?

तेवढ्यात पडदा सरकवून मोठ्या साहेबांच्या मिसेस आल्या, मागे आणखी दोघीतिघी. "काय म्हणाले? आवडली का?"

मी काही बोलायच्या आत ताई बोलली. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "म्हणाले, प्रयत्न छान आहे. पण एस्प्रेसोला हात लागतो, म्हणाले. सराव पाहिजे."

"होईल गं," मिसेस मला म्हणाल्या आणि माझा गाल थोपटला.

मी मशीनची वायर गुंडाळायला लागले. समोर जे घडलं ते मी कानांनी ऐकलं होतं, आणि तरी डोकं म्हणत होतं, तुझंच इंग्रजी चुकलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पुरुष कामावर गेल्यावर, मी तिच्याकडे गेले. मागच्या दारानं. ती ओट्यापाशी होती. मशीन कोपऱ्यात होतं, वर कापड टाकलेलं.

मी म्हटलं, "ताई, मले कॉफी करून दे. तशी. माझ्यासमोर."

"अगं मशीन..."

"मशीन नाई बिघडलं. कर."

तिनं मशीनवरचं कापड उगाच नीट केलं. मग तिनं एक स्टीलचा ग्लास घेतला. त्यात इन्स्टंट कॉफी घातली, साखर घातली, चमचाभर पाणी घातलं आणि फेटायला लागली. चमचा ग्लासवर टकटक वाजत होता. बंद रेडिओ ओट्यावरच होता. मिश्रण आधी काळं होतं, मग तपकिरी झालं, मग मधाच्या रंगाचं. ती फेटतच राहिली, माझ्याकडे न बघता, आणि मी तो रंग बदलताना पाहत राहिले. शेवटी तिनं ग्लास खाली ठेवला.

"पहिल्याच दिवशी सगळ्यांना बोलावून बसले होते," ती म्हणाली. "मशीनमधून तुझ्यासारखीच आली. काळी, पातळ. बाहेर सगळ्या बसलेल्या. मग हे केलं. मला वाटलं, एकदाच. सगळ्यांना इतकी आवडली. मग कसं सांगायचं?"

"मले सांगता आलं असतं."

"तू मशीन घेऊन आलीस तेव्हा मी सांगणारच होते. मला वाटलं, आठ दिवसांत तू कंटाळशील."

"मी काऊन कंटाळीन? तू रोज विचारे नं, आला का, आला का. तू पावडर दिली. तू म्हटलं पाणी." माझा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तिच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. "माझे बाबा विहिरीचं पाणी घेऊन आले. हातानं, एस.टी.नं. तू त्यायले काय म्हटलं? होईन म्हटलं. कॅन धरला तू माझ्यासंग."

"त्यांच्या तोंडावर काय सांगणार होते मी? ते इतक्या लांबून..."

"आन काल?"

तिनं ओटा पुसायला फडकं घेतलं.

"काल काऊन म्हटलं, हाताचं आहे म्हणून? त्या माणसानं तं सांगितलं, लेडी नाई, मशीन. मले समजते तेवढं."

तेव्हा ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्यासकट तिनं जे म्हटलं ते मला आजही शब्दाशब्दानं आठवतं. "मग काय करायला पाहिजे होतं मी? सगळ्यांसमोर स्वतःला खोटं पाडायचं? तुझं काय गेलं त्यात? तुझ्याकडून कुणाची काही अपेक्षाच नव्हती गं."

मी त्या स्वयंपाकघरात उभी होते, जिथं तिनं मला भरवायचा मऊ भात शिजवला होता. मला वाटलं, ही हे रागात बोलली असती तर बरं झालं असतं. ती रागात नव्हती. ती मला समजावत होती. तिला खरंच वाटत होतं की मी हे समजून घेईन, कारण मलाही हे माहीत असणार.

मी मागच्या दारानं घरी आले.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो आधी हसलाच. "वाफेवर एवढा दाब कुठून येणार? मी तं सांगितलं असतं तुला." मी म्हटलं, मग का नाही सांगितलं? तो म्हणाला, "तू विचारलं कुठं? मले वाटलं तू खूश आहेस तेवढ्यात." मग जरा थांबून म्हणाला, "एका कॉफीसाठी शेजार तोडू नको बाई." मला त्याचाही राग आला. त्याला कधीच कळलं नाही की ती गोष्ट कॉफीची नव्हती. मी नंतर त्याला पुन्हा सांगायचा प्रयत्नही केला नाही.

नाशिकच्या एका शेजारणीला मी महिन्याभरानं, राहवलं नाही म्हणून, विचारलं. ती म्हणाली, "मला संशय होताच. माझी आई अशीच फेटून करायची. पण कोण बोलेल? कॉफी छान लागायची." म्हणजे मी रोज दुपारी मनगट भाजून घेत होते तेव्हा निदान एकीला तरी ठाऊक होतं. तिनंही 'तपश्चर्या'वर हसून घेतलं होतं.

बाबांचा फोन आला. "पानी सरलं का? पाठवू का?" मी म्हटलं, नको बाबा, मशीन बिघडलं. बाबा म्हणाले, "जाऊ दे, च्याच बरा आपला." मी रिसीव्हर ठेवला आणि पहिल्यांदा रडले.

ताईशी बोलणं पूर्ण तुटलं नाही. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहून ते तोडताही येत नाही. दही, वर्तमानपत्र, निरोप हे सगळं चालू राहिलं. तिच्याकडचे कॉफीचे कार्यक्रम आपोआप थांबले, कुणी का ते विचारलं नाही. एकच झालं. मी क्लबात मुद्दाम माझ्या बोलीत बोलायला लागले. 'मले', 'काऊन', सगळं. कुणी हसलं तर हसू दे. ज्यांच्यासारखं बोलायला मी शिकत होते त्यांचं बोलणं मी आता ऐकलं होतं.

तीन वर्षांनी तिच्या नवऱ्याची बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा ती माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, "रागावली नाहीस ना आता?" मी म्हटलं, "पोचल्यावर फोन कर." तिला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं, हे मला दिसत होतं. पण माझ्याकडे ते नव्हतं.

पुढे नागपुरात एक कॉफीचं दुकान निघालं, मोठ्या काचांचं. भाचीनं मला तिथं नेलं. मी एस्प्रेसो मागवली. भिंतीशी मोठं मशीन होतं, पंपाचं. कप तितकाच छोटा आला. वर फेस होता, पण ताईच्या फेसासारखा दाट नव्हता. पातळ, लालसर, कडेला वाघाच्या पट्ट्यांसारखा. म्हणजे तिचा फेस खऱ्या फेसासारखाही नव्हता. तो खऱ्याहून देखणा होता. मी कॉफी साखरेशिवाय प्याले. कडू होती, आंबटसर होती, आणि जिभेवर बराच वेळ राहिली. चांगली होती. भाची विचारत होती, "कशी आहे मावशी?" मी म्हटलं, "खरी आहे." मला वाटलं होतं की त्या घोटानं काहीतरी मिटेल. तसं काही झालं नाही.

मागे एकदा सीताबर्डीच्या साडीच्या दुकानात ती भेटली. केस रंगवलेले, चष्मा लागलेला. तिच्याबरोबर दोन बायका होत्या, तिच्या नव्या शेजारणी असाव्यात. तिनं मला पाहिलं आणि धावत येऊन मिठी मारली. मिठी खोटी नव्हती, हे मी आजही सांगेन. मग त्या बायकांकडे वळून ती म्हणाली, "ही माझी गडचांदूरची धाकटी बहीण. आम्ही दोघींनी मिळून काय एस्प्रेसो केली आहे म्हणून सांगू! इटलीहून एक इंजिनिअर आला होता, त्यानं हिच्या हातची पिऊन म्हटलं, लेडी गुड!"

त्या बायका कौतुकानं माझ्याकडे बघू लागल्या. तिच्या चेहऱ्यावर कुठं लाज आहे का, मी शोधत होते. नव्हती. तिनं त्याचं वाक्य इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. जेव्हा मला ते हवं होतं तेव्हा दिलं नाही, आणि आता अनोळखी बायकांसमोर स्वतःच्या गोष्टीत मला बक्षीस म्हणून देत होती.

"हो का?" त्यातली एक म्हणाली. "आम्हाला कधी पाजली नाही तुम्ही!"

"मशीन गेलं ना," ताई म्हणाली, आणि तिनं माझा हात दाबला.

दुकानदार माझी साडी घडी घालून उभा होता. मी हात सोडवून घेतला आणि त्याला म्हटलं, "भाऊ, ही नको. ती दुसरी दाखवा, जांभळी."

ती आणखी थोडा वेळ माझ्याजवळ उभी राहिली. मग बायकांबरोबर जिन्यानं वर गेली.